चंद्रावर कोण परततं?

इंदूरच्या एका मराठी शाळेतल्या बाईंनी चिठ्ठी पाठवून विचारलंय: माणसाला पुन्हा चंद्रावर नेण्याच्या नासाच्या आर्टेमिस मोहिमेवरच्या भित्तिपत्रकाला मथळा काय द्यावा, ‘माणूस चंद्रावर परतणार’ की ‘माणसाची चंद्रावर वापसी’? बाई, दोन्ही नकोत. ‘माणूस पुन्हा चंद्रावर’ लिहा. ‘चंद्रावर परतणार’ हे बातम्यांतून इतकं कानावर आदळतंय की मुलंही तेच लिहू लागली आहेत, आणि ते साफ चूक आहे. (तुमच्या चिठ्ठीत ‘मोहिम’ आहे, तेही सुधारा. मूळ रूप मोहीम, विभक्ती लागली की मोहिमेचा.)

गल्लत होते ती ‘परत’ आणि ‘परतणे’ यांत. ‘परत’ला बोलण्यात ‘पुन्हा’ हा अर्थ केव्हाच चिकटलाय: परत सांग, परत वाढ. म्हणून ‘चंद्रावर परत जाणार’ चालेल. क्रियापदानं मात्र आपली दिशा सोडलेली नाही. जिथून निघालो तिकडे तोंड फिरवणं म्हणजे परतणं. परतीचा पाऊस, परतीचं तिकीट. डिसेंबर १९७२ मध्ये यूजीन सर्नन आणि हॅरिसन श्मिट चंद्रावरून निघाले, ते परतले. सर्नन १९६९ मध्येही अपोलो-१० मधून चंद्राभोवती फिरून आले होते. तरी अपोलो-१७ मधून ते चंद्राकडे परतले नाहीत, पुन्हा गेले.

आता मुळाकडे येऊ, कारण सगळं तिथेच आहे. माझ्या मते ‘परतणे’ हे ‘परिवृत्त’चं लेकरू. धातू वृत्, म्हणजे फिरणे, वळणे. माझ्या ओळखीचे एक संस्कृतज्ञ हट्टानं ‘परतः’कडे बोट दाखवतात. मला ते मुळीच पटत नाही. परतः म्हणजे पलीकडे, नंतर. त्यातून वळण्याचा अर्थ कसा निघणार? आणि स्वयंपाकघरातल्या परतण्याचं काय करणार? इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा, म्हणजे मक्याचा, कीस करणाऱ्यापाशी जरा उभे राहा. तुपात मोहरी तडतडली की कीस कढईत पडतो, आणि बुडाला लागू नये म्हणून तो खालचा वर, वरचा खाली करत राहतो. तो कीस परततो. यात पलीकडे काही नाही, नंतर काही नाही, निव्वळ फिरवणं आहे. ‘वृत्’च्या घरातल्या ‘त’चा इथे ‘ट’ का झाला नाही, असा त्या संस्कृतज्ञांचा आक्षेप. वर्त्मची वाट झाली, कबूल. पण वर्तिची वात झालीच ना? एकाच घरात दोन्ही नांदतात.

हेच वळण अंतराळात दिसतं, म्हणून मला या शब्दाचं इतकं वेड. आर्टेमिस-२ ची आखणीच पाहा. चौघांनी चंद्रावर उतरायचं नाही, त्याच्याभोवती घिरट्याही घालायच्या नाहीत. पलीकडच्या बाजूनं जाताना चंद्राचं गुरुत्वाकर्षणच यानाची वाट वळवतं आणि पृथ्वीकडे लावून देतं. घरी येण्यासाठी मोठं इंजिन पेटवावं लागत नाही. १९७० मध्ये अपोलो-१३ ची ऑक्सिजनची टाकी फुटली तेव्हा तिघांना अशाच मार्गावर आणून वाचवलं होतं. म्हणजे परतणं सुरू होतं ते चंद्राच्या पाठीमागे, आणि त्याचं तोंड असतं पृथ्वीकडे. मथळेवाले नेमकी उलटी दिशा दाखवतात.

‘रजेवरून कामावर परतले’ हे चालतं ना, असं कोणी म्हणेल. चालतं, कारण ती जागा त्याची असते. चंद्रावर माणसाचा सगळ्यात लांबलेला मुक्काम अपोलो-१७ चा, जेमतेम तीन दिवसांचा. तेवढ्यानं जागा आपली होत नाही. उद्या तिथे कायमचा तळ झाला आणि तिथला कोणी सुट्टीवर पृथ्वीवर आला, तर तो खुशाल चंद्रावर परतेल.

राहिली ‘वापसी’. इंदूरच्या मराठीत ‘वापस ये’, ‘वापस सांग’ सर्रास चालतं आणि पुण्याकडची मंडळी त्याला नाक मुरडतात, याची मला चीड येते. फारसी ‘पस’ म्हणजे मागे, आपल्या ‘पश्चात्’चा सख्खा भाऊ. घरात बिनदिक्कत बोला. मथळ्यात मात्र नको, कारण ‘वापसी’चीही दिशा मागचीच, पृथ्वीकडची.