अपवर्तन, अपस्करण, विकिरण: कशाला काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय: "मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात अपवर्तन, अपस्करण आणि विकिरण असे तीन शब्द आहेत, आमच्या वेळी वक्रीभवन होतं, नक्की कशाला काय म्हणायचं?"

वक्रीभवन आणि अपवर्तन एकच हो. मराठी विश्वकोशात त्यालाच प्रणमन म्हटलंय, म्हणजे गोंधळात आणखी भर. मला वक्रीभवन ऐकायला आवडतं पण शब्द जरा फसवा आहे, कारण किरण वक्र होतच नाही, हवेतून काचेत शिरताना पृष्ठभागावर एकदा दिशा बदलतो आणि पुढे सरळ जातो. (मृगजळात मात्र तापलेल्या हवेच्या थरांमधून तो खरंच हळूहळू वळत जातो, तिथे हा शब्द चपखल बसतो.)

आता अपस्करण, म्हणजे प्रकाशातले रंग वेगवेगळे वळून फाकणं. काचेचा अपवर्तनांक (निर्वातापेक्षा काचेत प्रकाश किती पट हळू जातो तो आकडा) म्हणून शाळेत आपण एकच आकडा पाठ करतो, पण तो रंगागणिक बदलतो. नेहमीच्या क्राऊन काचेत ६५६ नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाला तो साधारण १.५१४ असतो तर ४८६ च्या निळ्याला १.५२२, म्हणजे तरंगलांबी जितकी कमी तितकं वळणं जास्त. काचेतले इलेक्ट्रॉन अतिनील वारंवारतेला सगळ्यात जोरात प्रतिसाद देतात, निळा तिच्या जास्त जवळचा म्हणून त्याचा वेग लालपेक्षा जास्त कमी होतो, बस एवढंच. निर्वातात सगळे रंग एकाच वेगाने जातात त्यामुळे तिथे हा प्रकारच नाही.

शब्द कुठे वापरायचा हे ठरवायला लाल लेझर घ्या. तो प्रिझममधून वळतो पण फाकत नाही, म्हणजे अपवर्तन झालं, अपस्करण दिसलं नाही, कारण फाकायला दुसरा रंगच नाही! न्यूटनने १६७२ मध्ये छापलेल्या प्रयोगात हेच होतं, वेगळा काढलेला एक रंग दुसऱ्या प्रिझममधून सोडला तर तो नुसता वळला, त्यातून नवे रंग निघाले नाहीत. पांढरा प्रकाश फाकतो, आणि इंद्रधनुष्यात लाल साधारण ४२ अंशांवर नि जांभळा ४० अंशांवर दिसतो ते याचमुळे.

विकिरण वेगळं. हवेचे रेणू प्रकाश चहूकडे उधळतात, आणि तेही तरंगलांबीवर अवलंबून पण फार जास्त प्रमाणात, ४०० नॅनोमीटरचा प्रकाश ७०० च्या नऊपट उधळला जातो, म्हणून आकाश निळं. पण हिंदीत विकिरण म्हणजे प्रारण, रेडिएशन, त्यामुळे हिंदी व्हिडिओ बघून अभ्यास करणारी मुलं हमखास अडकतात. मी तरी इथे प्रकीर्णन म्हणतो, निदान ते दोन्हीकडे चालतं.

मुळात अपस्करण, विकिरण, प्रकीर्णन हे शब्द एकमेकांत मिसळतात यात नवल नाही, तिन्ही एकाच 'कॄ' धातूचे, अर्थ विखुरणे. संस्कृतात त्याला अप लागून पशुपक्ष्यांनी उकरण्याचा अर्थ असला की मधे स येतो, आणि 'अपस्किरते' म्हणजे कोंबडा दाणे शोधत नखांनी माती उकरतो ते. पारिभाषिक शब्द निवडणाऱ्यांच्या डोक्यात कोंबडा होता की नाही देव जाणे!

घरच्या घरी बघायचं तर पॉलिकार्बोनेटच्या जाड नंबरच्या चष्म्यातून, भिंगाच्या अगदी कडेने, ट्यूबलाइटकडे बघा, एका बाजूला निळसर आणि दुसऱ्या बाजूला केशरी झालर दिसेल. दुकानात "सवय होईल" म्हणतात ते तिच्याबद्दल, आणि ते अपस्करण.