राहिलेले दोन पेपर आणि ५५ हजारांची मार्कशीट

तासगाव तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलंय. थोडक्यात असं: "माझं वय ४४. १९९९ ला बारावी कॉमर्स झाले. २००२ ला टी.वाय.बी.कॉम.ला अकाउंटन्सीसह दोन पेपर राहिले आणि त्याच उन्हाळ्यात लग्न झालं. बारा वर्षं पतसंस्थेत क्लार्क आहे. आता शाखाधिकाऱ्याची जागा निघतेय. संचालक म्हणतात, काम तुम्हीच करता, पण पदवी लागेल. ओळखीतले एक गृहस्थ ५५ हजारांत २०१९ ची बी.कॉम.ची मार्कशीट काढून देतो म्हणतात. ते घ्यावं, की माझे दोन पेपर अजून देता येतील? मुलगी यंदा बारावीला आहे. ती म्हणते, मम्मी, तू माझ्याबरोबरच बस."

ताई, आधी त्या मार्कशीटचं बोलू, कारण तो माणूस पुन्हा फोन करणार.

२०१९ च्या त्या परीक्षेच्या तारखा कुठेतरी छापलेल्या आहेत. त्या दिवशी तुमची सही पतसंस्थेच्या हजेरीपुस्तकात आहे, आणि काउंटरवरच्या पावत्यांवरही. शाखाधिकारी झालात की तुमच्या खुर्चीवर डोळा असलेला कुणीतरी हे दोन कागद शेजारी ठेवेल. विद्यापीठाकडे पडताळणीचं एक पत्र गेलं, तरी पुरे. मग पदोन्नती राहू द्या, बारा वर्षांची नोकरी जाते आणि बनावट कागद वापरल्याचा गुन्हा तुमच्या नावावर लागतो. त्याच्या नावावर नाही. तो तोवर नंबर बदलून मोकळा.

आता तुमचे खरे दोन पेपर. अभ्यासक्रम किती वर्षांत पुरा करायचा याची मुदत असते आणि २३ वर्षांनी ती उलटलेली असणार. विद्यापीठं क्वचित जुन्या विद्यार्थ्यांना खास संधी देतात. दिल्ली विद्यापीठाने २०२२ मध्ये शताब्दीच्या निमित्ताने तशी दिली होती. म्हणून जुना परीक्षा क्रमांक आणि वर्ष घालून विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला एक अर्ज जरूर करा, पोच घ्या आणि उत्तर लेखी मागा. पण त्यासाठी महिनाभरच थांबा. खिडकीवरचा शिपाई "होईल बघू" म्हणाला, म्हणून यंदाचा प्रवेश हुकवू नका.

कुणी तुम्हाला 'क्रेडिट बँके'बद्दलही सांगेल. क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या तासांवर मिळणारे गुणांक. ते साठवणाऱ्या सरकारी ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये (एबीसी) २०२१-२२ पासून पुढचे क्रेडिटच जमा होतात. तुमचं एफ.वाय., एस.वाय. त्यात बसत नाही. वाईट वाटेल, पण नव्याने पहिल्या वर्षापासून सुरुवात करायची मनाची तयारी ठेवा. तसंही मधल्या काळात जीएसटी आला आणि कंपनी कायदा बदलला, त्यामुळे जुन्या नोट्सचा फारसा उपयोग नव्हताच.

कुठे घ्यायचा प्रवेश? तुमच्यासाठी मी नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ पहिलं धरेन. १९८९ पासून ते याच कामासाठी आहे, पुस्तकं मराठीत आहेत, वयाची अट नाही आणि अभ्यासकेंद्र जवळपासच्या एखाद्या कॉलेजात मिळतं. शिवाजी विद्यापीठाचं दूरशिक्षण केंद्रही बघा. इग्नू, म्हणजे दिल्लीचं इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, चांगलं आहे, पण तिथे बहुधा इंग्रजी-हिंदीशी झटावं लागेल. शिवाय जूनच्या परीक्षेचे स्वाध्याय मार्च-एप्रिलच्या सुमारास जमा करायचे असतात. पतसंस्थेतला मार्चअखेर म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. "ओपनची डिग्री चालत नाही" असं एखादा संचालक म्हणालाच, तर मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, हे यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय. ते पत्रक छापून फाइलला लावा. फी भरण्याआधी त्या सत्रासाठी त्या अभ्यासक्रमाला मान्यता आहे ना, हे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर मुलीकडून बघून घ्या.

वेळेचा हिशेब कुणी खरा सांगत नाही, म्हणून मी सांगतो. दूरशिक्षणात एक क्रेडिट म्हणजे ३० तास अभ्यास. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट लागतात, म्हणजे वर्षाला ४०, म्हणजे १२०० तास. आठवड्याला तेवीसच्या आसपास. नोकरी आणि घर सांभाळून एवढे तास माझ्याकडे आलेल्या कुणालाच जमलेले नाहीत. पण जमाखर्च, तेरीज, ताळेबंद तुम्ही रोज जगता. तिथले तास वाचतील आणि ते कायदा, अर्थशास्त्राकडे वळवता येतील. रोज पहाटे एक तास आणि रविवारची दुपार एवढं तरी घरच्यांकडून आताच कबूल करून घ्या. रविवारच्या दुपारी पाहुणे येतात, हे मला ठाऊक आहे.

ही जागा मात्र तीन वर्षं थांबणार नाही, हे स्पष्टच सांगतो. तरी प्रवेशाची पावती जोडून संचालक मंडळाला अर्ज द्या आणि पदवी होईपर्यंत प्रभारी म्हणून काम द्यायची विनंती करा. नियमात बसत असेल तर देतील. आणि हिशेब एकाच खुर्चीचा करू नका. पदवी झाली की सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. (सहकार आणि हिशेब पदविका) परीक्षा देता येते, आणि सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षकांच्या नामतालिकेकडे जाणारी वाट तिथून निघते. पतसंस्थेत बारा वर्षं काढलेल्या माणसाला त्या अभ्यासातलं निम्मं शिक्षण आधीच झालेलं असतं.

आता कागद. हमखास अडतं ते नावावर. बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. आता प्रवेशाआधी डीईबी-आयडी, म्हणजे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा विद्यार्थी क्रमांक, काढावा लागतो, त्याला वरच्या क्रेडिट बँकेचा एबीसी आयडी लागतो आणि तो आधारवरून निघतो. तिथेच गाडी थांबते. लग्नाची नोंद झाली असेल तर दाखल्याच्या दोन प्रती काढा, नसेल तर नोंद करा किंवा नावबदल राजपत्रात छापून घ्या. पदवीवर कोणतं नाव हवं, ते अर्ज भरतानाच ठरवा. बारावीची गुणपत्रिका हरवली असेल तर दुय्यम प्रत राज्य मंडळाच्या कोल्हापूर विभागातून मिळते.

मुलीबरोबर बसायला हरकत नाही. फक्त टेबल एकच असेल तर दिवा दुसरा घ्या. तिच्या बोर्डाच्या महिन्यात दोघींचं जागरण वेगवेगळ्या वेळेला असणार.