सिरियल कन्सोल: मालिका, एकसर की आहे तसाच?

प्रश्न भुसावळहून आला आहे. विचारणारे एका कॉलेजची सर्व्हर रूम सांभाळतात. सिरियल कन्सोल म्हणजे नेटवर्कशिवाय, साध्या केबलनं थेट सर्व्हरशी बोलायची सोय. हाताखालच्या मुलांसाठी मराठीत टिपण लिहिताना त्यांनी 'मालिका कन्सोल' असं लिहिलं आणि मुलं हसली. मग शब्द कोणता वापरावा? आणि कन्सोल 'लावला', 'घेतला' की कन्सोलवर 'गेलो'?

मुलं हसणारच. मालिका म्हटली की सासू-सुना आल्या. शाळेच्या विज्ञानात 'एकसर जोडणी' आणि 'समांतर जोडणी' हे शब्द आहेत, तिथला 'एकसर' मला मोह पाडतो. मण्यांची सर डोळ्यांपुढे येते. पण ती जोडणी बल्बांची. इथे बिट (० किंवा १) एकाच तारेवरून वेळेच्या क्रमानं, एकामागे एक जातात.

भुसावळकरांना हे यार्डात दाखवता येईल. पॅरलल म्हणजे आठ रुळांवरून आठ डबे एकदम, सिरियल म्हणजे एका रुळावर डब्यामागे डबा. जायची लाइन वेगळी, यायची वेगळी, अप आणि डाउन. दोन कॉम्प्युटर थेट जोडायचे तर नल-मोडेम केबल लागते, कारण इथली अप तिथल्या डाउनला मिळायला हवी. ९६०० बॉडला, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट या वेगाला, एका अक्षराचे ८ बिट, शिवाय इंजिन आणि गार्डाचा डबा धरावेत तसे सुरुवातीचा एक आणि शेवटचा एक, असे १० बिट जातात. म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. ८० बाय २५चा पडदा भरायला दोन सेकंदांहून थोडं जास्त.

तेव्हा 'सिरियल' राहू द्या, कंसात एकदा 'एकामागे एक' लिहा. 'कन्सोल'ही राहू द्या. फ्रेंचमध्ये तो सज्जाखालचा कोरीव टेकू होता, पुढे ऑर्गन वाजवणाऱ्याची पट्ट्यांची बैठक झाला. 'नियंत्रणफलक' म्हटलं तर पंपाच्या स्टार्टरची पेटी आठवते. युनिक्समध्ये कन्सोल म्हणजे मशीन स्वतःहून जिथे बोलतं ती जागा: नेटवर्क उठायच्या आधी कर्नलचे, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचे, संदेश तिथेच येतात. लिनक्सला बूट होताना 'कन्सोल बरोबर टीटीवायएस०' (console=ttyS0) असं सांगितलं की ते बोलणं पहिल्या सिरियल पोर्टवर येतं. यातला टीटीवाय हा टेलिटाइपचा, म्हणजे तारेवरून आलेला मजकूर कागदावर छापणाऱ्या यंत्राचा, अवशेष. युनिक्सच्या सुरुवातीच्या काळातलं टेलिटाइप मॉडेल ३३ सेकंदाला १० अक्षरं खडखडत छापायचं.

आता क्रियापदं. तिन्ही बरोबर आहेत, पण कामं वेगळी. केबल जोडली की कन्सोल 'लावला'. लॅपटॉपवर मिनिकॉम (सिरियल पोर्टवर बोलायचा प्रोग्राम) उघडून लॉगिन दिसलं की कन्सोल 'घेतला'. फायरवॉलचा नियम चुकून एसएसएच, म्हणजे नेटवर्कवरून मशीनमध्ये शिरायची वाट, आपल्याच हातानं बंद झालं (होतं हो, सगळ्यांचं होतं) की कन्सोलवर 'गेलो'. चौथं तुम्ही विसरलात: 'कन्सोलवर आलं'. डिस्कची एरर कन्सोलवर येते, तिला कोणी बोलावत नाही. माझे धुळ्याचे एक मित्र अशा वेळी केबल लावत विचारतात, "काय म्हनस मशीन?" अहिराणीतला हा प्रश्न मला कुठल्याही व्याख्येपेक्षा नेमका वाटतो.

लिंगाचं म्हणाल तर मी 'तो कन्सोल' आणि 'ते टर्मिनल' म्हणतो, कानावर तसंच पडत आलंय.

आणि दोन्हीकडचा बॉड जुळला नाही की पडद्यावर जे उमटतं, त्याला टिपणात 'अवैध वर्ण' लिहू नका. गिचमिड लिहा.