पद्मिनीच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह स्प्रिंगची हाइट कशी बसवायची?

तुम्ही लिहिलंय की ऐरोलीत वडिलांची प्रीमियर पद्मिनी उघडून ठेवली आहे, हेडचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाचं, सीट कटिंग (व्हॉल्व्ह टेकतो ती जागा नव्याने कापणं) होऊन आलंय, आणि मेकॅनिक म्हणतो, "स्प्रिंगा जुन्या आहेत, खाली दोन-दोन वॉशर टाका, टाइट होतील." टाकू नका. निदान मोजल्याशिवाय तरी नाही.

माझं हेडचंच काम आहे, ठाण्यात वागळे इस्टेटला. दोन-दोन वॉशरवाला इलाज आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच हेडांत सापडतो. वॉशर, म्हणजे शिम, टाकायची ती सीट कापल्यामुळे वाढलेली जागा भरायला. स्प्रिंग थकली असेल तर तिला शिम लावून तरुणपण येत नाही, ती बदलायची.

तुमच्या प्रश्नात दोन मापं एकत्र झाली आहेत. स्प्रिंग टेबलावर मोकळी उभी केली की जी उंची मिळते ती फ्री लेंग्थ. आपल्याला बसवायची आहे ती हाइट वेगळी. व्हॉल्व्ह पूर्ण बंद असताना, हेडमध्ये स्प्रिंग जिथे टेकते तिथपासून रिटेनरच्या (स्प्रिंग वरून धरणाऱ्या टोपीच्या) खालच्या बाजूपर्यंतचं अंतर. सीट कापली, व्हॉल्व्हचा फेस घासला, की व्हॉल्व्ह हेडमध्ये आणखी आत जाऊन बसतो. तेवढाच त्याचा दांडा दुसऱ्या बाजूने बाहेर येतो, रिटेनर वर चढतो, स्प्रिंगला ऐसपैस जागा मिळते आणि तिचा जोर उतरतो.

किती उतरतो, त्याचा हिशेब बघा. आकडे समजण्यापुरते धरलेत, पद्मिनीचे नाहीत. फ्री लेंग्थ ४५ मिमी, बसलेली हाइट ३५ मिमी, आणि स्प्रिंग दर मिलिमीटरला अडीच किलो जोर देते. म्हणजे बंद व्हॉल्व्हवर २५ किलो. कटिंगनंतर हाइट ३६.४ झाली की साडेतीन किलो गेले. साध्या रस्त्यावर कळणार नाही, पण कसारा घाटात दुसऱ्या गिअरला इंजिन ताणलंत की व्हॉल्व्ह त्याला उघडणाऱ्या कॅमच्या मागे वेळेत परतत नाही, तरंगतो. गाडी ओढत नाही, आणि सगळे कार्बुरेटर खोलत बसतात.

आता उलटं. त्याच स्प्रिंगची तार ४ मिमी आणि वेढे सहा धरले, तर पूर्ण दाबून वेढ्याला वेढा चिकटल्यावर ती २४ मिमी होते. व्हॉल्व्ह ८ मिमी उघडतो, म्हणजे पूर्ण उघड्या स्थितीत स्प्रिंग २७ वर, ३ मिमी शिल्लक. हाइट ३५ असताना मोजल्याशिवाय दीड-दीड मिलिमीटरचे दोन वॉशर टाकले की शिल्लक शून्य. मग काहीतरी वाकणारच. पद्मिनीचं १०८९ सीसी इंजिन पुशरॉडवालं आहे, कॅम खाली ब्लॉकमध्ये आणि त्याची हालचाल वर नेणारी दांडी म्हणजे पुशरॉड, त्यामुळे पहिला बळी बहुधा पुशरॉडचा. तो वाचला तर कॅम आणि त्यावर टेकणारा टॅपेट भराभर झिजतात.

मोजायचं असं. व्हॉल्व्ह त्याच्याच गाइडमध्ये (दांडा सरकतो त्या नळीत) घाला, स्प्रिंग न लावता रिटेनर आणि लॉक (रिटेनर दांड्यावर अडकवणारे तुकडे) बसवा. कोणता व्हॉल्व्ह कुठला, ते मार्करने आधीच लिहून ठेवा. हेड आडवं करून रिटेनर बोटांनी घट्ट बाहेर ओढून धरा, लॉक नीट बसली पाहिजेत आणि व्हॉल्व्ह सीटला टेकला पाहिजे. ढिल्या हाताने मोजलं तर माप कमी येतं. आत व्हर्नियर जात नाही ही नेहमीची अडचण. टेलिस्कोपिक गेज असेल तर उत्तम, नसेल तर सायकलच्या स्पोकचा तुकडा घासत घासत बरोबर मावेल एवढा करा आणि तो तुकडा व्हर्नियरने मोजा. मूळचा स्टीलचा वॉशर स्प्रिंगखाली असतो तो मोजताना जागेवरच ठेवा. तो काढून कधीही चालवू नका, स्प्रिंग अॅल्युमिनियमचं हेड खाऊन टाकते. आठही व्हॉल्व्ह वेगवेगळे मोजा, कटिंग सगळीकडे सारखं झालेलं नसतं.

मग मॅन्युअलमधल्या हाइटशी ताडा. वरच्याच उदाहरणात ३५ हवी असेल आणि एक ३६.४ आला, तर १.५ ची शिम टाकून ३४.९. दुसरा ३५.९ असेल तर ०.८ ची, ३५.१. तिसरा ३५.२ आला तर हात लावू नका. शिम साधारण ०.४, ०.८ आणि १.५ मिमीच्या मिळतात (जुने लोक पंधरा, तीस, साठ थाऊ म्हणतात, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), त्यामुळे यापेक्षा बारीक साधायचा हट्ट रस्त्यावरच्या गाडीला नको. शिम नेहमी हेडच्या बाजूला, रिटेनरखाली नाही. एखाद्या व्हॉल्व्हला दीड मिलिमीटरहून जास्त लागत असेल तर शिम रचत बसू नका. ती सीट फार खाली गेली आहे, नवी सीट रिंग बसवून घ्या. नाहीतर दांडा वर आल्याने तो दाबणाऱ्या रॉकरचा कोनही बिघडतो.

एक मोठी अट मात्र आहे. मॅन्युअलमधली हाइट मूळ स्प्रिंगसाठी असते. पद्मिनीचा कारखाना कुर्ल्यात होता, तो बंद होऊनही जमाना झाला, आता बाजारात जी स्प्रिंग मिळते तिची तार आणि वेढे मूळसारखेच असतील असं धरू नका. अशा वेळी मॅन्युअलमधला जोर पाहा आणि तुमची स्प्रिंग किती उंचीला तो जोर देते ते मोजा. बऱ्याच मशीन शॉपमध्ये स्प्रिंग टेस्टर असतो. नसेल तर ड्रिल प्रेसखाली घरचा वजनकाटा ठेवून, ड्रिल बंद ठेवून, स्प्रिंग हळूहळू दाबा. काटा हवं ते वजन दाखवेल तेव्हाची उंची हीच तुमची हाइट. जोडस्प्रिंग असेल तर आतलीही वेगळी तपासा.

जुन्या स्प्रिंगा वापरायच्याच असतील तर गुण्याला लावून सरळ उभ्या राहतात का ते बघा आणि तारेवर गंजाचे खड्डे शोधा. खड्डा दिसला की स्प्रिंग भंगारात, कारण तार तिथूनच तुटते. खाडीकाठच्या पावसाळी हवेत हेड उघडं पडलं असेल तर हे आधी तपासा, आणि तोवर स्प्रिंगांना ऑइल लावून पिशवीत ठेवा. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुनं हेड, रॉकर, काहीही घ्या, वापरलेल्या स्प्रिंगा घेऊ नका.

जोडणी झाल्यावर इंजिन पान्याने हाताने फिरवा. प्रत्येक व्हॉल्व्ह पूर्ण उघडला असताना स्प्रिंगच्या वेढ्यांत मिळून निदान दीड मिलिमीटर मोकळं असायला हवं. पाच फटी असतील तर फीलर गेजची (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांची) ०.३० मिमीची पट्टी प्रत्येकीत गेली पाहिजे. गाइडवर ऑइल सील असेल तर रिटेनर आणि सीलमध्येही तेवढंच अंतर हवं. टॅपेट सेटिंग (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) हेड टॉर्क केल्यानंतरच, म्हणजे हेडचे बोल्ट ठरल्या जोराने आवळल्यानंतरच, करा.

आठही मापं इथे लिहिलीत तर कुठे कोणती शिम बसेल ते सांगतो.