वाचकांचे प्रश्न : पहिल्या घरासाठीचा स्वतःचा वाटा

प्रश्न : आम्ही पती-पत्नी फोंड्यात भाड्याच्या घरात राहतो. मी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात नोकरीला आहे आणि पत्नी खासगी शाळेत शिकवते. दोघांचे मिळून महिन्याला ७८,००० रुपये हातात येतात. त्यांतले १३,००० भाड्याला जातात आणि काटकसर केली तर २५,००० शिल्लक राहतात. मुदत ठेवीत ५ लाख रुपये आहेत. शहराजवळ बांधकाम चालू असलेल्या एका प्रकल्पात टू बीएचके फ्लॅट ५५ लाखांना मिळतो आहे. विक्री कार्यालयातील गृहस्थ म्हणतात की वीस टक्के तुम्ही भरा, बाकीचे बँक देईल. माझे सासरे सुचवतात की बचत गावच्या पतसंस्थेत ठेवावी, कारण तेथे बँकेपेक्षा व्याज जास्त मिळते. आम्हाला नेमकी किती रक्कम जमवावी लागेल, त्याला किती काळ लागेल आणि ती कुठे ठेवावी?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : विक्री कार्यालयात सांगितलेले वीस टक्के खोटे नाहीत, पण अपुरे आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे गृहकर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर घराच्या मूल्याच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या दरम्यान असेल तर ८० टक्के आणि त्याहून मोठे असेल तर ७५ टक्के रक्कम बँकेला देता येते. ही कमाल मर्यादा आहे. तेवढे कर्ज मिळण्याचा हक्क त्यातून निर्माण होत नाही, आणि मूल्यही बँकेच्या मूल्यांककाने ठरवलेले असते, जाहिरातीत छापलेले नव्हे. म्हणजे ५५ लाखांच्या फ्लॅटवर फार तर ४४ लाख कर्ज मिळेल आणि ११ लाख तुम्हाला उभे करावे लागतील.

मात्र हिशेब येथे संपत नाही. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क घराच्या मूल्यात धरून त्यावर कर्ज देण्याची मुभा बँकांना सर्वसाधारणपणे नसते, त्यामुळे हा सगळा खर्च खरेदीदाराच्या खिशातून जातो. गोव्यात हे दर मूल्याच्या टप्प्यांनुसार बदलतात. अचूक आकडा फोंड्याच्या उपनिबंधक कार्यालयातून घ्यावा, पण आजच्या आखणीसाठी दोन्ही मिळून ७ टक्के, म्हणजे ३ लाख ८५ हजार धरून ठेवावेत. बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी लागतो. तो होतो २ लाख ७५ हजार. कागदपत्रे तपासणाऱ्या वकिलाचे शुल्क, बँकेचे प्रक्रिया शुल्क, वीज व पाणी जोडणीची अनामत, सोसायटीची आगाऊ देखभाल रक्कम आणि किमान पंखे, दिवे, स्वयंपाकघरातील कपाटे यांसाठी दीड लाख तरी वेगळे ठेवावे लागतात. ही बेरीज १९ लाख १० हजारांवर जाते. तुमच्याकडील ५ लाख वजा केल्यास उरलेले १४ लाख १० हजार २५,०००च्या मासिक बचतीतून जमायला, व्याज न धरता, पावणेपाच वर्षांच्या आसपास लागतील.

तेवढी वर्षे थांबण्याची तुमची तयारी असली तरी माझा आक्षेप वेगळ्याच ठिकाणी आहे. व्याजदर साडेआठ टक्के आणि मुदत वीस वर्षे धरली, तर ४४ लाखांच्या कर्जाचा मासिक हप्ता सुमारे ३८,२०० रुपये येतो. आज तुमचे भाडे आणि बचत मिळून ३८,०००च होतात, म्हणजे सगळे सुरळीत चालले तरच हप्ता जेमतेम भागेल. त्यानंतर सोसायटीची देखभाल, घरपट्टी, घरातले आजारपण, मूल झाल्यावरचा खर्च आणि चवथीला गावच्या घरी द्यावयाचा आपला हिस्सा यांसाठी काहीही उरणार नाही. खासगी शाळेतील नोकरीत खंड पडू शकतो, हेही विसरता येत नाही. बँक कदाचित एवढे कर्ज मंजूर करीलही, परंतु बँकेला परवडते म्हणून ते आपल्याला परवडते असे होत नाही. हातात येणाऱ्या पैशाच्या चाळीस टक्क्यांपलीकडे हप्ता जाऊ देऊ नये, असे माझे मत आहे. तुमच्या बाबतीत ही मर्यादा ३१,२०० रुपयांची आहे आणि तेवढ्या हप्त्यात सुमारे ३६ लाखांचे कर्ज बसते.

छत्तीस लाख हे ४५ लाखांचे ८० टक्के होतात, आणि ४५ लाखांच्या या आकड्याला आणखी एका कारणाने महत्त्व आहे. महानगरांबाहेर, म्हणजे गोव्यातही, ९० चौरस मीटरपर्यंत कार्पेट क्षेत्रफळ (म्हणजे घराच्या आतले प्रत्यक्ष वापरता येणारे क्षेत्रफळ) आणि ४५ लाखांपर्यंत किंमत असलेल्या नव्या घरावर १ एप्रिल २०१९पासून जीएसटी केवळ १ टक्का आहे. येथे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते, कारण किंमत मोजताना पार्किंग, मोक्याच्या मजल्याची जादा आकारणी, सामाईक सोयींचे शुल्क असे सगळे धरले जाते. ४४ लाखांचा म्हणून दाखवलेला फ्लॅट पार्किंगचे दोन लाख जोडताच मर्यादेबाहेर जातो आणि ४४,००० ऐवजी २ लाख ३० हजार जीएसटी भरावा लागतो. म्हणून दरपत्रक पाहण्याआधी ‘सर्व धरून किती’ हे लेखी मागावे.

४५ लाखांच्या घरासाठी ९ लाख स्वतःचा वाटा, ३ लाख १५ हजार मुद्रांक व नोंदणी, ४५ हजार जीएसटी आणि दीड लाख इतर खर्च मिळून १४ लाख १० हजार लागतात. हातातले ५ लाख सोडले तर ९ लाख १० हजार जमवायचे राहतात आणि ते तीन वर्षांत जमतात. फोंड्यात या किमतीत नवा फ्लॅट मिळाला नाही, तर बांदोडा, कवळे, बोरी अशा जवळच्या गावांत शोधावे किंवा भोगवटा प्रमाणपत्र (बांधकाम पूर्ण होऊन इमारत राहण्यास योग्य असल्याचा दाखला) मिळालेला काही वर्षांपूर्वीचा फ्लॅट पाहावा. तयार घरावर जीएसटी लागत नाही, आणि दुसरा मोठा खर्चही टळतो. बांधकाम चालू असताना बँक टप्प्याटप्प्याने पैसे देते आणि दिलेल्या रकमेवर व्याज घेते. समजा १८ लाख दिले गेले असतील, तर साडेआठ टक्क्यांनी महिन्याचे व्याजच १२,७५० होते, आणि घर ताब्यात येईपर्यंत तुमचे भाडेही चालूच राहते. ताबा वर्षभर लांबला, तर हा दुहेरी भार पेलण्यासाठी आणखी दीड लाख लागतील, आणि हा आकडा कोणत्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो.

आता पैसे कुठे ठेवायचे. सासऱ्यांचा हेतू चांगला आहे आणि गावच्या पतसंस्थेत माणसे ओळखीची असतात, हेही खरे आहे. परंतु पतसंस्थेतील ठेवींना ठेव विमा महामंडळाचे संरक्षण नसते. बँकांमधील ठेवींना, नागरी सहकारी बँकांसह, ते असते आणि फेब्रुवारी २०२०पासून त्याची मर्यादा प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे मुद्दल व व्याज मिळून ५ लाख रुपये आहे. रिझर्व्ह बँकेने २०२०मध्ये म्हापसा अर्बन आणि २०२१मध्ये मडगाव अर्बन या सहकारी बँकांचे परवाने रद्द केले, तेव्हा ही मर्यादा गोव्यातल्या ठेवीदारांच्या चांगलीच परिचयाची झाली. तीन वर्षांनी ठरलेल्या दिवशी लागणारी रक्कम दीड-दोन टक्के जादा व्याजासाठी विम्याच्या छत्राबाहेर नेऊ नये. शेअर बाजाराशी जोडलेल्या म्युच्युअल फंडांबद्दलही मी हेच म्हणेन. बाजार पडलेला असताना बिल्डरचा हप्ता थांबत नाही.

तुम्ही दोघांनी दोन वेगवेगळ्या बँकांत आवर्ती ठेवी सुरू कराव्यात आणि पगार जमा होईल त्याच दिवशी रक्कम वळती होईल अशी सूचना बँकेला द्यावी. टपाल कार्यालयाची आवर्ती ठेव सुरक्षित असली तरी तिची मुदत पाच वर्षांची आहे आणि तीन वर्षांनी मोडली तर बचत खात्याच्याच दराने व्याज मिळते, म्हणून तुमच्या कालावधीला ती जुळत नाही. सध्याच्या ५ लाखांपैकी एक लाख अडीअडचणीसाठी राखून ठेवण्याची इच्छा असेल, तर तीन वर्षांत आणखी चार महिने मिळवावेत. मला तसे करणे जास्त शहाणपणाचे वाटते. कमी पडणारी रक्कम वैयक्तिक कर्जातून भरण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो ऐकू नये, कारण ते कर्ज तुमच्या पतअहवालात दिसते आणि तेवढ्या प्रमाणात गृहकर्ज घटते.

प्रश्न : फातोर्ड्यात १२ वर्षांपूर्वीचा एक फ्लॅट आम्हाला ३८ लाखांना मिळतो आहे. मालक म्हणतात की एक लाख रोख टोकन द्या, दोन महिन्यांत विक्रीखत करू. फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे आणि त्यांची पत्नी इंग्लंडमध्ये नोकरी करते. आमची सगळी बचत यात जाणार आहे. टोकन द्यावे का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : आज देऊ नये, आणि रोख तर मुळीच देऊ नये. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. पैसे घेणारा दंडास पात्र ठरतो हे खरे, परंतु व्यवहार फिसकटला तर पुराव्याविना अडकलेली रक्कम मात्र तुमची असते.

याहून महत्त्वाची गोष्ट पत्नीच्या सहीची आहे. गोव्याच्या नागरी कायद्यानुसार विवाहपूर्व वेगळा करार केलेला नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते आणि स्थावर मालमत्ता विकताना दोघांची संमती लागते. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला कागदावर एकच नाव पाहून हायसे वाटते, पण येथे त्या एका नावावर भागत नाही, आणि कर्ज देणारी बँकही दुसरी सही मागतेच. ती इंग्लंडहून येणार नसेल तर तिने रीतसर साक्षांकित केलेले, याच फ्लॅटच्या विक्रीचा स्पष्ट उल्लेख असलेले मुखत्यारपत्र आधी हातात यावे. फ्लॅट मालकांना वडिलांकडून आलेला असल्यास इन्व्हेंटरी प्रक्रिया, म्हणजे मृताची मालमत्ता वारसांत वाटून देणारी न्यायालयीन प्रक्रिया, पूर्ण झाली आहे का, हेही पाहावे लागेल, नाहीतर भावंडे आणि त्यांचे जोडीदारही सह्यांच्या यादीत येतात.

आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. निवासी विक्रेत्याकडून घर घेताना किंमत ५० लाख किंवा त्याहून अधिक असेल तरच खरेदीदाराला १ टक्का कर कापावा लागतो. विक्रेता अनिवासी असेल तर ही मर्यादा लागू होत नाही आणि कपातही बरीच अधिक असते. पत्नीचा हिस्सा आहे आणि ती अनिवासी आहे, म्हणून कपात किती करायची हे सनदी लेखापालाकडून लेखी घ्यावे, कारण कर न कापल्याची जबाबदारी तुमच्यावर येते.

वकिलाने मालकीचा शोध घेतल्यावर, भोगवटा प्रमाणपत्र, बोजा नसल्याचा दाखला आणि सोसायटीचे ना हरकत पत्र पाहिल्यावर छोटा लेखी करार करावा आणि टोकन धनादेशाने द्यावे. कर्ज नामंजूर झाल्यास किंवा पत्नीची संमती ठरावीक तारखेपर्यंत न आल्यास टोकन परत मिळेल, हे कलम त्यात हवेच. मालक यासाठी थांबायला तयार नसतील, तर दुसरा फ्लॅट शोधावा.

प्रश्न : मी २७ वर्षांची असून पर्वरीत नोकरी करते. घरासाठी वडील ४ लाख देऊ म्हणतात. ते घेतल्यास कर लागेल का? भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढावी का? एका बिल्डरने करार करण्याआधीच १५ टक्के मागितले आहेत.
— एक वाचक, पर्वरी

उत्तर : वडिलांकडून मिळालेल्या भेटीवर तुम्हाला आयकर लागत नाही. रक्कम बँक खात्यातून खात्यात यावी आणि ती भेट आहे, परत करायची नाही, असे वडिलांचे सही केलेले पत्र जवळ असावे. स्वतःचा वाटा कुठून आला हे कर्जाच्या वेळी बँक विचारते. घरासाठी निधीतून पैसे काढता येतात, पण तो हात सर्वांत शेवटी लावावा, आणि तोही शुल्कांसाठी चार पैसे कमी पडले तर.

बिल्डरला मात्र १५ टक्के देऊ नयेत. २०१६च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन व विकास कायद्यानुसार विक्री कराराची नोंदणी झाल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक घेऊन गोवा रेरा या नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मंजूर आराखडा आणि पूर्णत्वाची तारीख स्वतः पाहावी, आणि मगच १० टक्क्यांपर्यंतचा धनादेश प्रकल्पाच्या खात्याच्या नावे लिहावा.