पुरवठादारांची बिलं जुळवायला आमच्याकडे चार माणसं लागतात, तरी पेमेंट लटकतं. बॉट (माणसाऐवजी स्क्रीनवर काम करणारा प्रोग्राम) किंवा एआय घ्यावं का?

नका घेऊ. निदान आत्ता तरी नका. चुकीचं जुळवणारा बॉट रात्रपाळीतही चुकीचंच जुळवेल, फक्त तेव्हा त्याला हटकायला कोणी नसेल.

पीओ (खरेदीची ऑर्डर), जीआरएन (माल मिळाल्याची पावती) आणि बिल जुळलं तर त्या बिलाला मिनिटभरही लागत नाही. चार जणांचा दिवस जातो तो न जुळणाऱ्या बिलांवर. ती चूक होते खरेदी विभागात नाहीतर गोडाऊनच्या दारात, उघडकीला येते अकाउंट्समध्ये, आणि मीटिंगमध्ये खापरही अकाउंट्सवरच फुटतं. हे सांगून सांगून माझा घसा बसलाय. म्हणून फोर्डचं उदाहरण जरा सविस्तर देतो, कारण ते नेहमी अर्धंच सांगितलं जातं.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला फोर्डच्या उत्तर अमेरिकेतल्या देणी विभागात ५०० हून जास्त माणसं होती. संगणक आणून त्यातली २० टक्के कमी करायची असा बेत होता. मग माझदा या जपानी मोटार कंपनीकडे पाहिलं, तर तिथे हेच काम ५ जण करत होते. कंपनी लहान आहे हे धरूनसुद्धा हिशोब लागेना. फोर्डमध्ये खरेदीवाले पीओची प्रत पाठवायचे, माल उतरवणारे पावती पाठवायचे, पुरवठादार बिल पाठवायचा, आणि देणी विभाग या तीन कागदांतल्या १४ गोष्टी ताडून बघायचा. नव्या पद्धतीत पीओ थेट सामाईक डेटाबेसमध्ये गेला. माल दारात आला की तिथला माणूस स्क्रीन बघणार. ऑर्डरशी जुळला तर उतरवून घेणार, नाहीतर गाडी परत. जुळवायच्या गोष्टी ३ उरल्या: पार्ट नंबर, एकक आणि पुरवठादाराचा कोड. बिलाची वाट बघणं बंद, माल घेतला की पैसे द्यायचे. माणसं ७५ टक्क्यांनी घटली. व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल हॅमर यांनी १९९० मध्ये यावर लिहिलं, आणि तेव्हापासून प्रत्येक सल्लागार ‘संगणक आला, माणसं घटली’ एवढंच ऐकवतो. ‘नाहीतर गाडी परत’ हे तीन शब्द सोयीस्करपणे गळतात. तुमचे खरेदीप्रमुख गाडी परत पाठवू देतील का? नसतील देणार, तर कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, फरक पडणार नाही.

आता कामाचं. अडकलेली शेवटची १०० बिलं काढा आणि प्रत्येकापुढे अडकण्याचं एकच कारण लिहा. ‘इतर’ हा रकाना ठेवू नका, सगळं त्यातच जाऊन पडतं.

एककाचा घोळ बहुधा वरच सापडेल. पीओ नगात, बिल बॉक्समध्ये. जीआरएनवर १२० आणि बिलावर १० दिसले की भागून बघा. तोच आकडा पुन्हा पुन्हा आला तर मालाचा काही प्रश्न नाही, एककाचा आहे. रूपांतर वस्तूच्या मास्टरमध्येच (सिस्टिममधल्या मूळ नोंदीत) हवं, स्टोअरकीपरच्या डोक्यात नको. पुरवठादाराने बॉक्स १२ चा १० चा केला आणि मास्टर तसाच राहिला, तर त्या दिवसापासून त्या वस्तूचं प्रत्येक बिल अडकणार.

पीओ आणि बिलातल्या फरकाला सूट किती द्यायची, म्हणजे किती फरक चालवून घ्यायचा, हे नुसतं टक्क्यात ठरवू नका. २ टक्के लहान बिलावर किरकोळ वाटतात, मोठ्या बिलावर तेच भगदाड होतं. टक्के आणि ठरावीक रक्कम यांत जे कमी असेल ते धरा, पैशांच्या राउंडिंगला वेगळी मुभा ठेवा. मोजून येणाऱ्या मालाला संख्येत सूट शून्य, वजनावर येणाऱ्याला थोडी. पुरवठादारांना तुमची मर्यादा लवकर कळते बरं का. एखाद्याची बिलं महिनाभर १.९ टक्क्यांनीच जास्त येत असतील तर तो योगायोग नाही.

पीओची तारीख बिलाच्या तारखेनंतरची आहे अशी बिलं विभागवार मोजा. माल आधी मागवून कागद मागाहून करणाऱ्यांची नावं त्यात आपोआप येतील. ही यादी वर पाठवली की वातावरण तापतं. तापू द्या.

एकच बिल दोनदा येणं: आधी ईमेलने, मग कागदावर. नुसत्या बिल नंबरवरून ते पकडता येत नाही, कारण एकाने ‘००४५’ टाकलेलं असतं आणि दुसऱ्याने ‘४५’. ताडण्यापुरती सुरुवातीची शून्यं, रेघा, तिरके दांडे काढून टाका आणि पुरवठादाराचा कोड, रक्कम व तारखेसह ताडा. मूळ नंबर मात्र जसाच्या तसा जपा: सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी टेक्स्ट) फाइल डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली की ही शून्यं गुपचूप उडतात, आणि १५ अंकांपुढचे आकडे शून्य होतात. टेक्स्ट म्हणून इम्पोर्ट करा. (जुन्या एक्सेल फाइलची ६५,५३६ ओळींची मर्यादा २०२० मध्ये इंग्लंडला भोवली. कोरोनाचे १५,८४१ रुग्ण वेळेवर नोंदलेच गेले नाहीत. तेव्हा ‘आमचं एक्सेलवर छान चाललंय’ हे मला सांगू नका.)

मोठ्या पुरवठादारांशी ईडीआय (दोन कंपन्यांच्या संगणकांनी ठरलेल्या नमुन्यात थेट कागदपत्रं पाठवणं) जोडणार असाल, तर त्यातल्या प्रत्येक संदेशाला नंबर असतो, आणि सगळे ऑर्डरचा ८५० आणि बिलाचा ८१० एवढंच जोडून पेढे वाटतात. खरा उपयोग ८५५ आणि ८५६ चा आहे. ८५५ मध्ये पुरवठादार दर आणि तारीख मान्य की नाही ते कळवतो, म्हणजे भांडण माल निघण्याआधीच मिटतं. ८५६ मुळे गाडीत काय आहे ते गाडी पोचण्याआधी दारावर कळतं. आणि ९९७ आला म्हणजे ऑर्डर स्वीकारली असं समजू नका. फाइल पोचली आणि तिची रचना ठीक आहे, एवढाच त्याचा अर्थ.

राहिलं एआय. पीडीएफ बिलातून आकडे उचलायला ते चांगलं आहे, पण ओळींची बेरीज एकूण रकमेशी जुळली तरच बिल पुढे सोडा. पुरवठादाराचं बँक खातं बदलण्याची विनंती मात्र बॉटच्या हाती कधीच देऊ नका. आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर माणसाने फोन करून खात्री करायची, ईमेलमध्ये आलेल्या नंबरवर नाही. बॉट घ्यायचाच तर ज्या पोर्टलला एपीआय (दोन प्रोग्राम थेट जोडायची सोय) नाही तिथे घ्या. त्या पोर्टलचा स्क्रीन बदलला की बॉट थांबतो, ते परवडलं. न थांबता चुकीच्या रकान्यात भरत राहिला तर महिनाअखेरीपर्यंत पत्ता लागत नाही.

हे सगळं मालाच्या बिलांबद्दल झालं. सेवांच्या बिलाला जीआरएन नसतो, तिथे काम करून घेतलेल्याची ‘काम झालं’ ही नोंदच पावती धरायची. महिन्याला दोनशे-तीनशेच बिलं येत असतील, तर ईडीआयच्या भानगडीत न पडता त्या चारांपैकी एकाला दोन महिने गोडाऊनच्या दारावर बसवा, आणि गाडी परत पाठवायचा अधिकार त्याला लेखी द्या.