तुला फोन न करता चाललं पाहिजे

प्रिय मित्रा,

मेल वाचली. टीम लीडने 'डॉक्युमेंटेशन नाही' म्हणून रेपो, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमधला तुझ्या प्रोजेक्टचा सगळा कोड, परत पाठवला आणि लिहायचं काय ते तुला कळेना. रीडमीचे, म्हणजे प्रोजेक्ट कसा चालवायचा ते सांगणाऱ्या फाइलचे, तयार साचे शोधत बसू नकोस. नव्या माणसाने कोऱ्या लॅपटॉपवर रेपो क्लोन करावा, म्हणजे उतरवून घ्यावा, रीडमी वाचत जावं आणि तुला एकही फोन न करता प्रोजेक्ट चालू व्हावा. बस, एवढंच बघ.

म्हणजे पायथनची कुठली आवृत्ती, डेटाबेस कसा उभा करायचा, टेस्ट कुठल्या कमांडने चालतात, सगळं आलं. लॉक फाइल, म्हणजे पॅकेजच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी, गिटमध्ये कमिट कर (नोंदव), नाहीतर त्याच्याकडे पॅकेजची भलतीच आवृत्ती उतरेल आणि तुला फोन येईल. पासवर्डची डॉट ईएनव्ही फाइल गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने घ्यायच्या नाहीत अशा फाइलींच्या यादीत. सोबत नमुना फाइल दे, नावं सगळी खरी, व्हॅल्यू खोट्या. खरी 'की', म्हणजे गुप्त किल्ली, चुकून कमिट झालीच, तर फाइल उडवून भागत नाही, गिटच्या इतिहासात ती राहतेच. आधी ती की रद्द कर.

आणि कमिट मेसेज, म्हणजे प्रत्येक बदलासोबत लिहायची टीप! एका जुन्या कंपनीत पगाराच्या कोडमध्ये टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट पाहायची मुदत, ९० सेकंद होता. गिट ब्लेम केलं, म्हणजे ती ओळ कुणी कुठल्या कमिटमध्ये बदलली ते पाहिलं, की मेसेज दिसायचा, 'फिक्स'. लिहिणारा नोकरी सोडून गेलेला. कुणीतरी ९०चे ३० केले आणि महिनाअखेरीला पगार अडकले. 'महिनाअखेरीला बँकेचा सर्व्हर उशिरा उत्तर देतो', एवढं एक वाक्य हवं होतं रे! काय बदललं ते डिफमध्ये दिसतंच. का बदललं, ते लिहिणाऱ्याच्या डोक्यातच राहिलं, आणि त्याचा फोन लागत नव्हता.

तेव्हापासून सेटअप बदलला आणि रीडमी तसंच असेल, तर मी पीआर, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये घ्यायची विनंती, मंजूर करत नाही. रिलीज लांबले, माणसं दुखावली, 'मॅडम अडून बसतात' हेही कानावर आलं. येऊ दे. नव्या मुलांचा पहिला आठवडा कुणाच्या तरी खुर्चीमागे ताटकळण्यात जाऊ नये, म्हणून मी भांडले. पुन्हा भांडेन.

'वेळ मिळाला की लिहितो' हे मला सांगू नकोस. मिळत नाही तो.

तुझा घरचा प्रोजेक्ट सगळ्यांसाठी खुला करणार आहेस ना? त्यात लायसन्स टाक. नाहीतर कोड दिसेल सगळ्यांना, कायद्याने वापरता कुणालाच येणार नाही.

उद्या टीममधल्या सगळ्यात नव्या मुलीला रेपो दे. शेजारी बस, पण तोंड उघडू नकोस. ती अडेल तिथली ओळ लगेच रीडमीत लिही, मग लीडकडे पाठव.

तुझी,
ताई